आतलं अस्तर

३ फेब्रुवारी

लांब्यास,

आशीर्वाद वगैरे शेवटी, उरले तर. फोन तू उचलत नाहीस, आणि चुकून उचललास तर “ताई, तालीम चालू आहे, नंतर बोलतो” म्हणतोस. तुझा तो ‘नंतर’ काही वर्षानुवर्षं उजाडत नाही. म्हणून पत्र. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं, आणि माझं अक्षर दिसल्यावर वाचल्याशिवाय फाडशील असा तू नाहीस.

आधी आईचा निरोप सांगते, नाहीतर ती मला सुखाने जगू देणार नाही. “त्याला म्हणावं, माप पाठव.” ती अजून दर वर्षी तुझा एक शर्ट शिवते, जुन्याच मापाने, आणि कपाटात रचून ठेवते. मी म्हटलं, अगं, तो आता चाळिशीला टेकला, पोट सुटलं असेल. तर चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाली, “त्याच्या बाबांचं सुटलं होतं का कधी?”

नव्हतं खरं. बाबा ताडमाड, सडपातळ, हात गुडघ्यांपर्यंत आणि बोटं एवढी लांब की कापड आखायचा खडू त्यांत हरवायचा. आत्याही तशीच. आणि तू तर बाबांचं कापड उरलं त्यातूनच बेतलेला. मी तेवढी आईवर गेले, बुटकी, म्हणून सगळे मला हसायचे.

आता माझं. प्रयोगशाळेत माझं काम बदललंय. इतकी वर्षं लोकांची साखर मोजली, आता मोठ्या बाईंच्या संशोधनात घेतलंय मला. मोठ्या बाई म्हणजे आमच्या हृदयविभागाच्या प्रमुख. उंचीने माझ्याहून बुटक्या आहेत, म्हणून मला त्या फार आवडतात. छातीत किंवा पाठीत एकदम दुखायला लागलं म्हणून जी माणसं तातडीच्या विभागात येतात, त्यांचं रक्त निळ्या झाकणाच्या नळीत घ्यायचं, यंत्रात गरगर फिरवायचं, वर आलेलं पिवळं पाणी काढायचं आणि त्यात एका खास दुखण्याच्या खुणा सापडतात का ते बघायचं.

ते दुखणं कोणतं, ते सांगते. खाली बसून वाच.

हृदयातून निघणारी सगळ्यात मोठी रक्तवाहिनी म्हणजे महाधमनी. तिची भिंत तीन थरांची असते. बाहेरचं कापड, मधला कॅनव्हास आणि आतलं अस्तर. कधीकधी अस्तराला चीर जाते. मग रक्त त्या चिरेतून थरांच्या मध्ये घुसतं आणि एकापासून एक थर सोडवत पुढे जातं. मोठ्या बाईंनी फळ्यावर हे चित्र काढलं तेव्हा मी उठून बाहेर गेले. सगळ्यांना वाटलं, हिला चहाची तलफ आली.

बाबा गेले त्या दिवशी शिलाईच्या दुकानात काय म्हणाले होते ते तुझ्याइतकं कोणाला आठवत नसेल. “अस्तर सुटलं रे आतलं.” आपल्याला नंतर सांगितलं, हार्ट अटॅक. मला आता तसं वाटत नाही. आत्याही अशीच कपडे वाळत घालता घालता उभ्याउभ्या गेली. हे रक्तातून पुढच्या पिढीत येतं, लांब्या. ज्यांची महाधमनी मुळात सैल, रुंद झालेली असते, त्यांची अशी फाटते. आणि रुंद झालेली दुखत नाही, खुपत नाही, काही नाही. मोजली तरच कळते.

म्हणून आईसारखंच माझंही म्हणणं. माप घे. हृदयाचा इको म्हणतात त्याला. छातीवर गार जेल लावतात आणि एक यंत्र फिरवतात, गुदगुल्या होतात एवढंच. आणि तोवर नाटकाचे ते खांब नि पडदे उचलणं बंद कर. जड उचललं की आतला दाब वाढतो.

तुझी,
ताई


२६ फेब्रुवारी

लांब्यास,

उत्तर नाही. बरं. माझ्या शाईला काही ओहोटी लागलेली नाही.

परवा एक बसचालक आला. बाबा असते तर त्यांनी त्याला ‘सत्तेचाळीस छाती’ म्हटलं असतं. बाबांना गिऱ्हाइकाचं नाव कधी आठवलं का रे? ‘आखूड बाही आले होते का?’ म्हणजे तुझे शाळामास्तर. ‘उतरता खांदा’ म्हणजे पोस्टमन. आणि एकदा त्यांनी आईची ओळख करून देताना, “या आमच्या चौतीस कंबर,” असं म्हटलं होतं, त्यानंतर दोन दिवस घरात कोणाला धड जेवण मिळालं नव्हतं.

तर सत्तेचाळीस छाती. बस उभी करून उतरला आणि पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मधोमध असं काही दुखलं की पायरीवरच बसला. ईसीजी ठीक. हार्ट अटॅकची रक्ततपासणी ठीक. दुखणंही जरा कमी झालेलं. तो म्हणत होता, पित्त असेल, मला सोडा, गाडीत माणसं खोळंबलीत. पण ड्यूटीवरची डॉक्टर पोरगी भारी चिवट. तिने त्याच्या दोन्ही हातांचा रक्तदाब घेतला, दोन्हीकडे वेगळा आला, तिला शंका आली आणि निळी नळी माझ्याकडे आली. डी-डायमर नावाची खूण असते, रक्त कुठेतरी गोठून विरघळायला लागलं की ती वाढते. याची एवढी वाढलेली की मला वाटलं माझंच यंत्र बिघडलं. मी पुन्हा लावून बघितलं आणि वर फोन केला. तिने तोवर त्याला स्कॅनला नेलंच होतं. अस्तर फाटलेलं. त्याच दिवशी छाती उघडून शिवलं. आता तो वॉर्डात बसून नर्सना गाडी कशी चालवायची ते शिकवतोय.

डी-डायमर ही जुनी खूण. ती दुसऱ्याही दहा कारणांनी वाढते, त्यामुळे ती एकटी पुरत नाही. म्हणून मोठ्या बाई आणखी दुसऱ्या शोधताहेत. मधल्या थरात स्नायू असतो. तो फाटला की त्याचं एक प्रथिन रक्तात सांडतं आणि काही तासांत निघूनही जातं. भिंतीला ताणायची ताकद देणारा धागा असतो, त्याचे तुकडे रक्तात येतात. यातल्या दोन-तीन खुणा एकत्र बघितल्या तर स्कॅनला कोणाला पळवायचं ते लवकर कळेल का, एवढाच आमचा प्रश्न. उत्तर अजून यायचंय.

मला मात्र हे सगळं ओळखीचं वाटतं. आठवतं तुला? दुकान बंद करायच्या आधी बाबा आपल्या दोघांना कापायच्या टेबलाखाली सोडायचे. जमिनीवरचे दोरे गोळा करा आणि सांगा, आज कोणाकोणाचं काय उसवलं. इस्त्रीच्या वाफेचा तो ओला वास, डोक्यावर टेबलाची फळी आणि बाबांचे लांबलचक पाय. तू नेहमी जिंकायचास. “निळा लोकरीचा, आणि थोडा सोनेरी. बँडमास्तरांचा कोट!” मी म्हणायचे, लबाडी आहे, तू त्यांना येताना बघितलंस. तर बाबा म्हणायचे, “दोरा लबाडी करत नाही गं.” कोट गेलेला असायचा गिऱ्हाइकाच्या अंगावर, पण काय उसवलं होतं ते जमिनीला माहीत असायचं. मी हल्ली दिवसभर तेच करते. फक्त टेबलाखाली नसते आणि शेजारी तू नसतोस. तुझी फार आठवण येते मला त्या यंत्राशेजारी. लिहून टाकलं, आता हसू नकोस.

आईने शर्टाला बटणं लावली. जिना मी हल्ली सावकाश चढते, तर म्हणते, “वय झालं तुझं.” होऊ दे.

माप घेतलंस का?

ताई


१४ मार्च

लांब्या,

तुझं कार्ड मिळालं. नाटकाच्या जाहिरातीच्या पाठीवर एक ओळ. “रक्त तपासून घेतलं. डी-डायमर नॉर्मल. आता पुरे.”

आधी मला इतका आनंद झाला की आईला ओरडून सांगितलं, त्याचं पत्र आलं! आईने ते कार्ड उलटंसुलटं केलं, हुंगलंसुद्धा. मग मी शब्द नीट वाचले आणि डोक्यात तिडीक गेली.

अरे शहाण्या! मी सांगितलं काय आणि तू केलंस काय? तुला माप घ्यायला सांगितलं होतं, रक्त द्यायला कोणी सांगितलं? जिथे जायचं तिथे जायची भीती वाटली की बाजूच्या दारात डोकावून यायचं, ही तुझी जुनी खोड. दात दुखायचा तेव्हा केस कापून यायचास.

नीट समजून घे. रक्तात खूण नाही, याचा अर्थ आज काही फाटलेलं नाही. एवढाच. जमिनीवर दोरे नाहीत म्हणून शिवण पक्की असं बाबा कधी म्हणाले का? शिवण विरत चालली असेल तर दोरे पडत नाहीत. त्यासाठी कोट उलटा करून बघावा लागतो.

सुई टाकून दिलेल्या तुला हे शेवटचं वाक्य लिहायला नको होतं. पण खोडत नाही. खोडलं तरी तू उजेडात धरून वाचणारच.

तुला रक्तावर विसंबून राहणं किती महागात पडेल ते मला कसं माहीत, तेही सांगून टाकते. सांगणार नव्हते. संशोधनाला निरोगी माणसांचंही रक्त लागतं, तुलना करायला. मी बाही वर केली. रक्त एकदम स्वच्छ आलं, तुझ्यासारखंच, आणि मी विभागभर मिरवले. मग नियमाप्रमाणे प्रत्येक निरोगी माणसाचा इको. इको करणारा माणूस अखंड बडबड्या, त्याच्या सासूची गोष्ट सांगत होता. सासू बाजारात पोचली आणि तो एकदम गप्प झाला. यंत्र पुन्हा पुन्हा त्याच जागी फिरवायला लागला. सासूचं पुढे काय झालं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

मला निरोगी माणसांतून काढून टाकलं, लांब्या. आयुष्यात पहिल्यांदा नापास झाले. महाधमनी मुळाशीच रुंद झालीये, बरीच. बुटकी म्हणून सुटले असं मी समजत होते, पण हे माप उंचीचं नव्हतं.

ती फाटायच्या आधी बदलायची, असं ठरलंय. तो भाग कापून काढतात आणि तिथे कापडाची नळी शिवतात. हो, कापडाचीच. विणलेली, चुण्या असलेली. मी सर्जनना विचारलं, कापड कोणतं? म्हणाले, पॉलिएस्टर. मला तिथेच हसू फुटलं. त्यांना वाटलं, बाई घाबरून बिथरली. त्यांना काय सांगू, आमच्या घरात पॉलिएस्टर हा शब्द शिवी म्हणून वापरायचे! “पॉलिएस्टर माणूस आहे,” म्हणजे श्वास न घेऊ देणारा. आईला सांगितलं तेव्हा तिने हातातला शर्ट खाली ठेवला. मग डोळे पुसून म्हणाली, “सुती नाही का मिळत? थोडे जास्त देऊ आपण.”

तू काळजी करावीस म्हणून हे लिहिलेलं नाही. खोटं. तू काळजी करावीस म्हणूनच लिहिलंय. माझी नको, तुझी कर. मी एवढीशी असून माझी अशी, तर तुझी काय असेल?

ताई


२ एप्रिल

लांब्या,

परवा ऑपरेशन आहे. तुझं काहीच उत्तर नाही. कार्डसुद्धा नाही. मी रागावलेली नाही. थकलेय थोडी.

आज आईने मला त्या दिवसाबद्दल सगळं सांगितलं. मी तेव्हा परीक्षेला गेले होते, घरी आले तेव्हा सगळं संपलेलं होतं आणि तू भिंतीकडे तोंड करून बसला होतास. तू मला कधी काही बोलला नाहीस आणि मला वाटायचं, माझ्यावर कसला तरी राग आहे.

आई म्हणाली, बाबा बँडमास्तरांच्या कोटाला अस्तर लावत होते. मध्येच त्यांनी पाठीला हात लावला आणि म्हणाले, “अस्तर सुटलं रे आतलं.” आणि तू त्यांच्या मांडीवरून कोट उचललास. खिडकीशी नेलास. उलटा केलास आणि एकेक शिवण चाचपून बघितलीस, बगल, बाही, पाठ, सगळी. आणि म्हणालास, “बाबा, अस्तर तर पक्कं आहे.” बाबा घामाने भिजले होते. जरा दम घेऊन हसले आणि म्हणाले, “असं? मग माझंच असेल.” मग तुम्ही तिघेही हसलात, असं आई म्हणते. मग चहा झाला. दवाखान्यातून पित्ताचं औषध आणलं. बाबांना बरंही वाटलं. संध्याकाळी गेले.

आणि तू तो कोट पुरा करून बँडमास्तरांना नेऊन दिलास. त्यानंतर सुई हातात धरली नाहीस.

मला एवढंच सांगायचंय. दुसऱ्या कुठल्याही घरात मुलाने बापाकडे बघितलं असतं. तू कोटाकडे बघितलंस, कारण तू शिंप्याचा मुलगा आहेस. आपल्या घरात अस्तर म्हणजे अस्तर. कोणी ‘सुटलं’ म्हणालं की कापड उजेडात न्यायचं, उलटं करायचं, बोटाने चाचपायचं. बाबांनीच शिकवलं होतं आणि तू अगदी त्यांनी शिकवल्यासारखं केलंस. मी तिथे असते तर मीही कोटाचीच दुसरी बाजू धरली असती.

तेव्हा कळलं असतं तर ते वाचले असते, असं मी म्हणत नाही. नसते वाचले, असंही म्हणत नाही. मला माहीत नाही. इतकी यंत्रं हाताशी असून आमच्याकडेही हे दुखणं निसटतं, म्हणून तर मोठ्या बाई केस पांढरे करताहेत. पण एवढी वर्षं तू स्वतःला त्या कोटात गुंडाळून बसला आहेस, ते बाबांना आवडलं नसतं. माप द्यायला आलेलं गिऱ्हाईक असं ताटकळत ठेवायचं नाही, म्हणायचे ते.

मी घाबरलेय, लांब्या. आईसमोर विनोद करते आणि न्हाणीघरात जाऊन रडते. मला मरणाची भीती वाटते, ती आहेच. पण मी बरी होऊन घरी यावं आणि तुझ्या नाटकवाल्यांचा फोन यावा, याची जास्त वाटते. मग माझ्या त्या कापडाच्या नळीचं मी काय करू?

माप घे रे. एवढं एकदा ऐक.

या खेपेला आशीर्वाद उरलेत. सगळे तुला.

ताई


५ एप्रिल

ताई,

हे पत्र टपालात टाकत नाही. नर्सबाईंच्या हातात देतोय, शुद्धीवर आलीस की तुला देतील. काचेतून बघितलं तुला. एवढ्या नळ्या लावल्यात की आई म्हणाली, “ही दिसतेय मशीनसारखी, सगळीकडून दोरा ओवलेली.” सर्जन बाहेर येऊन म्हणाले, टाके छान बसलेत. आईने त्यांना विचारलं, उलट टाका घातला की साधा? ते बावचळले आणि मग चित्र काढून दाखवलं. आईने पास केलं त्यांना.

तुझी सगळी पत्रं वाचली. प्रत्येक पत्र बरेचदा वाचलं. ते शेवटचं मिळालं तेव्हा पडदा वर जायला थोडा वेळ होता. मी दोर दुसऱ्याच्या हातात दिला आणि निघालो. थेट इथे नाही आलो, तुला तोंड दाखवायच्या आधी एक काम करायचं होतं.

या खेपेला कोट नाही बघितला, ताई. शर्ट काढून टेबलावर आडवा झालो आणि म्हटलं, मला बघा. माझ्या बाबांचं अस्तर सुटलं होतं. तिथल्या डॉक्टरबाईंना पहिल्यांदा कळलं नाही. मग मी नीट सांगितलं, तू लिहिलं होतंस तसं, महाधमनी वगैरे. सांगता सांगता रडलो. गुदगुल्या मात्र होतात हे खरं.

माझं माप तुझ्यापेक्षा जास्त निघालं. लहानपणापासून तू म्हणायचीस ना, सगळ्यात याचंच मोठं. घे. डॉक्टरबाई म्हणाल्या, अजून वेळ गेलेली नाही, पण थांबायचंही नाही. खांब उचलणं बंद. मोठ्या बाईंना आज भेटलो, खरंच तुझ्याहून बुटक्या आहेत. तू घरी गेलीस की त्याच शिंप्याकडे माझा नंबर लावलाय. कापड तेच. बाबांना कळवू नकोस.

आई शेजारी बसलीये. आल्यापासून माझा दंड सोडत नाही, मध्येच खांदा वितीने मोजते आणि शर्टांची थप्पी अंगाला होईल का म्हणून पुटपुटते. तूच तिला सांग. म्हणावं, शर्टाचं माप तेच आहे. आतलंच तेवढं बदललंय.

तुझा,
लांब्या